रेंडर बाहेर द्यायच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. पहिल्यांदाच रेंडर, म्हणजे न बांधलेल्या घराचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र, बाहेरच्या स्टुडिओला देतोयस आणि विचारलायस फक्त रेट, म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहावं. बाहेर द्यायला काहीच हरकत नाही रे. परस्पेक्टिव्ह, म्हणजे बिल्डिंग कशी दिसेल याचं चित्र, दुसऱ्याकडून काढून घेणं जुनंच आहे, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ह्यू फेरिस इतर आर्किटेक्ट्सच्या बिल्डिंग्ज कोळशाने रेखाटून द्यायचा, तोच त्याचा व्यवसाय होता. रोजच्या डिझाईनला एन्स्केप नाहीतर लुमियनसारखं रेंडरचं सॉफ्टवेअर आपलं आपण चालवावं, भिंत सरकवली की लगेच दिसतं. पण फायनल इमेजला काच, पडदे, झाडं यात हात बसलेला माणूस लागतोच.

माझं काय झालं ते सांगतो. एका घराचं स्केचअपमध्ये केलेलं थ्रीडी मॉडेल स्टुडिओला पाठवलं, सोबत प्लॅन आणि चार रेफरन्स फोटो, बस्स. मॉडेलमध्ये उत्तर दिशा सेटच केली नव्हती. इमेज आली ती इतकी सुंदर की मीसुद्धा बघत बसलो, हॉलच्या मोठ्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं, लाकडी फ्लोअरिंगवर चौकटीची लांब सावली. क्लायंट बाई म्हणाल्या, मला इथेच खुर्ची टाकून बसायचंय. आणि खिडकी होती उत्तरेला! घर उभं राहिलं, उजेड मस्त आला, मऊ, दिवसभर एकसारखा, मी तो मुद्दाम तसाच आणला होता, पण त्या ऊन शोधत होत्या. "चित्रात होतं ना हो?" एवढंच म्हणाल्या आणि मला काही बोलताच येईना. यात स्टुडिओचा दोष नाही, आपण सांगितलं नाही तर चित्र जिथून खुलेल तिथेच ते सूर्य ठेवणार.

तेव्हापासून लोकेशन, तारीख, वेळ मी लिहून देतो आणि कॅमेरा स्वतः लावतो, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, कारण वाइड लेन्स लावली की छोटीशी बेडरूम पण ऐसपैस वाटते आणि ते मला फसवणूकच वाटते. आधी क्ले रेंडर मागव, म्हणजे मटेरियल न लावलेलं, सगळं पांढरं. त्यात सावल्या आणि प्रपोर्शन उघडे पडतात, आणि बदल करायचे ते तिथेच, टेक्स्चर चढल्यावर खिडकी हलवलीस की रिव्हिजनचे पैसे वेगळे. किती राउंड धरलेत आणि सीन फाईल, म्हणजे रेंडरची मूळ फाईल, देणार का हे कामाआधीच लिहून घे. आणि सुरुवातीच्या कन्सेप्टलाच फोटोसारखी इमेज दाखवू नकोस, लोकांना वाटतं सगळं ठरलंय, मग प्लॅनवर कोणी बोलतच नाही, सोफ्याच्या रंगावर तासभर जातो.

क्ले व्ह्यूज आले की ओके म्हणायच्या आधी मला पाठव, कितीही वाजले तरी बघतो.

तुझाच