कोपऱ्यातलं नाव

सांगली,
रविवार

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

ड्रेस्डेनहून प्रागला जाताना वाटेत तेरेझिनला, नाझींनी ज्यूंना डांबलेल्या त्या चेक गावी, उतरणार आहेस हे कळल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

६० लाख ज्यू मारले गेले हा आकडा तुला शाळेपासून पाठ आहे. त्यातली एक बाई मला फार जवळची वाटते, कारण तीही चित्रकला शिकवायची. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. व्हिएन्नाच्या, बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकलेल्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना नवऱ्यासह तेरेझिनला नेलं. माणशी ५० किलो सामान न्यायची मुभा होती. बाईंनी त्यात कागद आणि रंग भरले. कडाक्याची थंडी, पुढं काय वाढून ठेवलंय ठाऊक नाही, आणि पोरांसाठी रंग!

तेरेझिन हे जुनं तटबंदीचं गाव. तिथं पन्नास हजारांवर माणसं कोंबली होती. मुलांना शिकवायला बंदी होती, चित्रं काढू देत. तेवढ्या फटीतून बाईंनी वर्ग भरवला. कागद संपले की कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांच्या पाठीवर काम चाले. मुलं घरं काढत, फुलं काढत, आपण झोपतो ते फळ्यांचे तीनमजली पलंगही काढत. आणि बाई प्रत्येकाला चित्रावर स्वतःचं नाव लिहायला लावत.

ईशा, पस्तीस वर्षं मी वर्गात "नाव टाका रे" म्हणून ओरडलो, ते मार्क द्यायचे असत म्हणून. वर्ष संपलं की ते गठ्ठे रद्दीत जात. मीच बांधून देत असे. तिथं मात्र प्रत्येक मुलाला ट्रान्सपोर्टचा, म्हणजे ज्यूंना नेणाऱ्या गाडीचा, नंबर दिलेला होता, आणि बाई त्याच्याच हातानं त्याचं नाव लिहवून घेत होत्या.

जून १९४४ मध्ये रेडक्रॉसची माणसं पाहणीला आली, तेव्हा गाव रंगवून सजवलं होतं. गर्दी दिसू नये म्हणून त्याआधी हजारो लोकांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं होतं. त्या सप्टेंबरात बाईंच्या नवऱ्याला नेलं. मागोमाग बाईंनी पुढच्या गाडीसाठी आपणहून नाव दिलं. ऑक्टोबरात ऑशविट्झला त्यांना मारलं. नवरा वाचला.

जाण्याआधी त्यांनी चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. सुमारे साडेचार हजार! युद्ध संपल्यावर विली ग्रोआग नावाच्या माणसानं त्या प्रागला पोचवल्या. काढणारी बहुतेक मुलं तोवर राहिली नव्हती.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जा. भिंतीभर बोहेमिया-मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या, मारल्या गेलेल्या सुमारे ८० हजार ज्यूंची नावं हातानं रंगवली आहेत. अक्षरांची ओळ नीट बघ, किती कष्टाचं काम आहे ते कळेल. वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. त्यातलं एक निवड, त्यावरचं नाव वाच आणि खाली येऊन भिंतीवर शोध. गर्दी असेल, घाई करू नकोस. सापडलं तर फोटो नको, कागदावर उतरवून आण. नाहीच सापडलं तर ते पोर कदाचित वाचलं असेल. तसं असेल तर रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर.

आईनं स्वेटर घालायला सांगितलंय.

तुझा,
बाबा