पाल्याच्या पिशव्या थांबतील

कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

उद्या दाजीपूरला निघतेस. पंचगंगा पात्राबाहेर आलीय आणि वर घाटात अजून कोसळतोच आहे. गव्यांचं मी काही म्हणत नाही, पण प्लॉटच्या अलीकडच्या ओढ्याला पाणी असलं तर उतरायचं नाही. एवढंच लिहिणार होते.

प्लॉटवर पाला भरून कुजायला ठेवलेल्या पिशव्या ६० व्या दिवशी काढायच्या, त्या ६५ व्या दिवशी निघाल्या तर काही बिघडत नाही. वहीत ६५ लिही. कुजण्याचा दर खऱ्या दिवसांवरच काढतात: उरलेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस, चिन्ह उलट. तारखेसाठी ओढा ओलांडायची गरज कुठेच येत नाही.

यंदाच्या पावसात पिशव्यांत माती शिरणार. मग वजन जास्त भरतं आणि पाला कुजलाच नाही असं वाटतं. नळाखाली धुऊ नकोस, पाल्यातला उरलासुरला पालाश (पोटॅशियम) वाहून जाईल. मऊ ब्रशने माती झाड, ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळव, मग थोडा भाग ५५० अंशांवर जाळून राख मोज आणि मातीचा वाटा वजा कर. मधल्या महिन्यांत पाल्यातलं नत्र (नायट्रोजन) वाढलेलं दिसलं तर घाबरू नकोस. बुरशी ते बाहेरून ओढून घेते.

पुन्हा तास घ्यायला लागले. राग मानू नकोस.

वळवाचा तक्ता मात्र बघितला. तारखेपुढे रोजचे मिलिमीटर लिहिलेस, शाब्बास! पुष्कळजण वर्षाची बेरीज टाकून मोकळे होतात. खरी गोम तिथेच आहे. उन्हाळा लांबला की कोरड्या मातीत जीवाणू मरतात, पाला तसाच साचतो. पहिल्या सरीनंतर एक-दोन दिवसांत सगळं एकदम कुजायला लागतं, नत्र मोकळं होतं. मुळांनी ते उचलायच्या आत ढगफुटीसारखा पाऊस आला तर नायट्रेट थेट ओढ्यात. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तसं नाही, जांभ्याच्या मातीतलं लोह त्याला धरून ठेवतं. माती दिवसेंदिवस तुंबून हवा संपली तरच थोडं सुटतं. म्हणजे बेरीज तीच राहिली तरी पाऊस कसा पडला यावर जंगलाला काय मिळालं ते ठरतं. नुसत्या उष्णतेने कुजणं वाढतं म्हणणाऱ्यांना विचार, ओल कुठून आणणार?

घाई करायची ती वळवात, तेव्हा ओढे कोरडे असतात. आता नाही. आज्जीसुद्धा तेच म्हणते.

माती आणलीस तर वाळवू नकोस, नायट्रेटचा आकडा बदलतो. ४ अंशांवर ठेव आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी १० ग्रॅम ओली माती ५० मिलि २ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर हलवून गाळ. ओलावा वेगळा काढायला विसरू नकोस, हिशेब कोरड्या वजनावर करायचा असतो.

बर्फाचा डबा दादाकडे आहे. झाकण सैल झालंय, वरून दोरी बांध.

तुझी
आई