जपानमध्ये शिकवायला जाणाऱ्यांनी आधी सायकलकडे पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधल्या शाळांत सहायक भाषा शिक्षक म्हणून जाणाऱ्यांना व्हिसा, पगार आणि घरभाडे यांची माहिती आता सहज मिळते. पण नेमणूक लहान गावात झाली, त्यातून एकाच्या जागी दोन-तीन शाळा वाट्याला आल्या, की रोजची ये-जा बहुधा सायकलवर होते. त्याबद्दल निघण्यापूर्वी फारसे कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२६ पासून तिथे सोळा वर्षे व त्यावरील सायकलस्वारांना नियम मोडल्यास जागेवरच दंडाची चिठ्ठी मिळते, म्हणून हे पत्र.

रस्त्यात होणाऱ्या खोळंब्यांपैकी बरेचसे कमी हवेमुळे होतात. तिथली घरगुती सायकल, जिला सगळे 'मामाचारी' म्हणतात, तिच्या ट्यूबला आपल्याकडच्या जुन्या सायकलींसारखाच व्हॉल्व्ह असतो. आत एक छोटी पिन आणि तिच्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरची रबरी नळी. ही नळी वर्षभरात चिकट होते, चिरते आणि हवा हळूहळू जाऊ लागते. टायर मात्र धडधाकट दिसतो, त्यामुळे लोक पंक्चर समजून दुकान गाठतात. हवा भरून दोन दिवसांत टायर बसला, तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडा आला तर दोष व्हॉल्व्हचा. वरचा नट सोडवायचा, पिन ओढून काढायची, जुनी नळी सोलून टाकायची. नवी नळी पाण्यात ओली करून पिनच्या खांद्यापर्यंत पूर्ण सरकवायची आणि नट परत आवळायचा. नळी अर्धवट चढवली की तीच पुन्हा गळते. शंभर येनच्या दुकानात या नळ्यांची पाकिटे मिळतात. एक पाकीट घरी आणि एक शाळेतल्या कपाटात ठेवावे.

या व्हॉल्व्हवर साध्या गेजने दाब नीट मोजता येत नाही. मामाचारीला साधारण ३०० किलोपास्कल हवा लागते. ती पुरेशी आहे का हे पाहायचे, तर सायकलवर बसावे आणि टायरचा जमिनीला टेकलेला भाग दुसऱ्याला बघायला सांगावा. तो साधारण दहा सेंटिमीटर हवा. त्याहून लांब पसरला तर हवा कमी. दर पंधरा दिवसांनी पंप मारावा. कमी हवेवर फुटपाथच्या कडेला चाक आपटले, की ट्यूब रिम आणि काँक्रीटच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. दुसरे नुकसान याहून वाईट. ब्रेक दाबताना सैल टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि ती व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. तिथे पॅच बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते. मागच्या चाकावर ब्रेक, स्टँड, मडगार्डच्या काड्या आणि चेनकव्हर असा सगळा संसार असल्याने हे काम सकाळी शाळेच्या वाटेवर होणारे नाही.

साधे पंक्चर मात्र चाक न काढता निघते. टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर घ्यावी, हवा भरून पाण्यात धरावी, भोकाभोवतीची जागा कानशीने खरवडावी, सोल्यूशन पातळ पसरावे. मग थांबावे. बोट लावल्यावर चिकटेनासे झाले की मगच पॅच दाबायचा. ओल्या सोल्यूशनवर घाईने लावलेला पॅच काही दिवसांत सुटतो. ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवावे. काटा तिथेच अडकलेला असेल तर सगळी मेहनत फुकट.

जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या पावसात आणि पुढे वादळांच्या दिवसांत धोका वेगळा. छत्री धरून सायकल चालवल्यास पाच हजार येन दंड होतो. छत्री हँडलला टांगणेही वाईट. ती पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली तर चाक जागच्या जागी थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पोंचोपेक्षा वेगळे जाकीट आणि पँट असलेला रेनकोट बरा, कारण पोंचोची कड वाऱ्याने पुढे उडते. ओल्या रस्त्यावर गटारांची लोखंडी झाकणे आणि पांढरे पट्टे यांवर ब्रेक लावू नये, हँडलही वळवू नये. मागच्या चाकाचा बँड ब्रेक (चाकाच्या मध्यावरचा ड्रम पट्ट्याने आवळणारा) ओला झाला की कर्कश ओरडतो आणि नीट धरत नाही. आवाज थांबवायला त्यात तेल घालतात, ही सर्वांत घातक चूक. तेल आत शिरले की ब्रेक निकामीच झाला.

फुटपाथच्या उतारावर दृष्टिहीनांच्या काठीला कड कळावी म्हणून सुमारे दोन सेंटिमीटरची पायरी ठेवलेली असते. ती तिरकी ओलांडली तर पुढचे चाक घसरते. तिथे आणि रेल्वे फाटकातल्या रुळांवर चाक शक्यतो काटकोनात न्यावे. भातशेतांच्या अरुंद रस्त्यांलगत काँक्रीटचे पाट असतात, कित्येकांना झाकण नसते, उन्हाळ्यात गवताने ते दिसतही नाहीत. समोरून मोटार आली तर कडेने रेटू नये. थांबावे आणि पाय रस्त्याच्या बाजूला टेकावा. नवी शाळा मिळाली की आदल्या रविवारी तो रस्ता एकदा दिवसा पाहून घ्यावा.

नियम थोडक्यात. सायकल हे वाहन आहे आणि ती रस्त्याच्या डाव्या कडेने चालवायची. फुटपाथवर परवानगीची खूण असेल तिथेच, सावकाश, रस्त्याकडच्या बाजूने. घंटी वाजवून पादचाऱ्यांना हटवायचे नाही. हातात फोन धरून चालवल्यास बारा हजार येन, सिग्नल मोडल्यास किंवा उजव्या बाजूने गेल्यास सहा हजार, 'थांबा' असे लिहिलेल्या फलकापाशी न थांबल्यास किंवा रात्री दिवा नसल्यास पाच हजार. १ एप्रिल २०२३ पासून सर्व वयांसाठी हेल्मेट वापरण्याचा प्रयत्न करणे हे कायद्याने कर्तव्य आहे, त्याला दंड नाही. पण ग्रामीण भागातली मुले हेल्मेट घालून शाळेत येतात. त्यांच्या शिक्षकाने उघड्या डोक्याने फाटकातून आत येणे बरे दिसत नाही.

पुढच्या टोपलीत उत्तरपत्रिका ठेवू नयेत. ओझ्याने हँडल वळते, स्टँडवरची सायकल कलंडते आणि कागद वाऱ्यावर जातात. विद्यार्थ्यांची नावे असलेला एक कागद हरवला तरी तिथल्या शाळेत ती गंभीर बाब ठरते. कागद पाठीवरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या आवरणात असावेत. शाळेत दारातच बूट बदलायचे असतात, म्हणून भिजलेल्या बुटांचे निभावते, मोज्यांचे नाही. कोरड्या मोज्यांचा जोड शाळेत असू द्यावा.

विमा घेतल्याशिवाय पायडलवर पाय ठेवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. सायकल विम्याची सक्ती प्रथम ह्योगो प्रांताने २०१५ मध्ये केली आणि मग इतर अनेक प्रांतांनी. २०१३ साली कोबे जिल्हा न्यायालयाने एका शाळकरी मुलाच्या सायकलने गंभीर जखमी झालेल्या महिलेच्या खटल्यात मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली होती. शाळेला जो मार्ग आणि जे वाहन कळवले आहे, तेच वापरावे. येण्या-जाण्यातल्या अपघाताची भरपाई वाजवी मार्गावरच्या प्रवासाला मिळते, वाट सोडून भलतीकडे गेल्यास अडचण येते. धडक झाली तर आधी जखमीला सांभाळावे, ११९ वर रुग्णवाहिका आणि ११० वर पोलिसांना बोलवावे. रस्त्यातच पैसे देऊन मिटवू नये. पोलिसांत नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही, आणि तो नसला की विम्याचा दावा अडतो.

शेवटी, आधीच्या शिक्षकाकडून मिळणाऱ्या सायकलीबद्दल. जपानमध्ये प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी असते आणि फ्रेमवर तिचा स्टिकर. रात्री पोलिसांनी थांबवून क्रमांक तपासला आणि नाव दुसऱ्याचे निघाले, तर चौकशीत वेळ जातो. देणाऱ्याच्या सहीचे हस्तांतरपत्र, आपले निवासी कार्ड आणि सायकल घेऊन दुकानात गेल्यास साधारण सहाशे येनमध्ये नोंदणी आपल्या नावावर होते. ही सही तो शिक्षक मायदेशी परतण्यापूर्वीच घ्यावी.

आपला,
एक वाचक