एका राखीव खेळाडूच्या आडनावासाठी अक्षर घडवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही घडवलेल्या अक्षरांत आडनावे छापलेल्या जर्सी आल्या, मुलींनी त्या घातल्या, त्या घालून एक स्पर्धाही खेळून झाली. मी फोनवर आभार मानू लागलो तेव्हा ‘त्यात काय एवढे’ म्हणून तुम्ही विषय संपवलात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. चारचौघांत मानलेले आभार तुम्हाला तितक्या सहज परतवता येणार नाहीत.

खो-खो पाहणाऱ्याला खेळाडूंच्या पाठी फार दिसतात. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ मुली मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, त्यामुळे प्रेक्षक कोणत्याही लांब बाजूला उभा असला तरी चार पाठी त्याच्यासमोर असतातच. त्या पाठींवर मुलींची आडनावे मराठीत असावीत आणि अक्षरे जाड, कोनदार, पुढे झेपावल्यासारखी तिरपी असावीत, एवढीच आमची इच्छा होती. बडोद्यात ही मागणी कुणाला विचित्र वाटेल, असे मला वाटले नव्हते.

रावपुऱ्यापासून सयाजीगंजपर्यंत ज्या ज्या ठिकाणी विचारले, तेथे आधी ‘इंग्रजीत करा ना’ हेच उत्तर मिळाले. एका दुकानदाराने गुजरातीत छापून देण्याची तयारी दाखवली आणि त्याचे नमुनेही चांगले होते. गुजरातीला शिरोरेषा नसल्यामुळे अक्षरे सुटी राहतात आणि कलली तरी फारसे बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा आडवीच ठेवावी लागते, काने कलतात, आणि वेलांट्या व मात्रा त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकतात. टेको, राजधानी यांसारखे चौकोनी ठेवणीचे देवनागरी फाँट मोकळ्या परवान्यात मिळतात, परंतु ते सरळ उभे आहेत. ते संगणकावर नुसते एका बाजूला ढकलले की गोलाई विस्कटते, एका अंगाची रेघ फुगते आणि दुसऱ्या अंगाची बारीक होते. स्वतःला डिझायनर म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी नेमके हेच केले, त्याचे पैसे मागितले, आणि वर ‘लांबून कोण बघते’ असेही ऐकवले.

अडचण खोटी होती, असे मी म्हणणार नाही. रोमन लिपीला तिरपे वळण व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसच्या छापखान्यात १५०१ साली मिळाले आणि पुढच्या पाचशे वर्षांत ते पुरते मुरले. देवनागरीत अशी जुनी वाट नाही. पण अवघड काम नाकारणे वेगळे आणि समोरच्याची मागणीच हास्यास्पद ठरवणे वेगळे, हा फरक त्या मंडळींना कळला नाही.

तुम्ही मात्र ललितकला विद्याशाखेत शिकलेल्या माणसाचा कसलाही तोरा न दाखवता आधी मुलींच्या आडनावांची यादी मागितलीत. मराठी वळणाचा ल आणि श तुम्ही आम्ही न सांगताच घेतलात. अक्षरांची टोके अगदी अणकुचीदार न ठेवता किंचित बोथट केलीत, कारण जर्सीवर चिकटवलेल्या व्हिनाइलचे, म्हणजे पातळ प्लास्टिकचे, टोकदार कोपरे धुण्यात आधी उचकटतात. हे सगळे तुमच्या कसबाचे भाग झाले आणि त्याबद्दल आदर आहेच. माझ्या मनात राहिली आहे ती वेगळीच गोष्ट.

आमच्या एका मुलीच्या आडनावात ‘ऱ्हा’ आहे. आजवर तिच्या प्रमाणपत्रांवर कुणी त्याचा रफार केला, तर कुणी र चा पाय मोडून खाली नुक्ता ठेवला, आणि तिने ते मुकाट्याने स्वीकारले. ती राखीव खेळाडू आहे, मैदानात क्वचितच उतरते. तुम्ही केवळ त्या एका जोडाक्षरासाठी पेन्सिलीने काढलेला वेगळा कागद पाठवलात. त्यावर अर्ध्या र ची शिरोरेषेला लटकणारी ती चिमुकली चंद्रकोर दोन तऱ्हांनी काढली होती: एकीत तिची गोलाई थोडी राखलेली, दुसरीत ती सरळ छाटांनी कोनदार केलेली. खाली तुमच्या हस्ताक्षरात एकच ओळ होती, ‘जिचे आडनाव आहे तिलाच विचारा, तिला कोणते आवडते ते.’

तिने तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग कोनदार आकृतीवर बोट ठेवले. सगळी अक्षरे कोनदार असताना आपलेच तेवढे गोल कशाला, असे तिचे म्हणणे होते, आणि ते मला पटले.

ताई, हुशार माणसे या शहरात कमी नाहीत. आपले काम ज्याच्या अंगावर चढणार आहे त्याला विचारून ते करणारी माणसे मात्र शोधावी लागतात. ती दवाखान्यात भेटली, खिडकीपलीकडच्या कारकुनात भेटली, तरी दिवस बरा जातो. त्या मुलीच्या आईने मला दोनदा विचारले की या बाई कोण, आणि आमच्या मुलीला ओळखतात का. ओळखत नाहीत, असे सांगितल्यावर त्या गप्पच झाल्या.

तुम्ही मानधन घेतले नाही, म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. आणखी दोन संघांनी ही अक्षरे मागितली आहेत. ती तुमची आहेत, आमची नाहीत, असे त्यांना कळवले आहे आणि तुमचा क्रमांक तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. त्यांच्याकडून मात्र कृपया पैसे घ्यावेत.

आपला नम्र,
मुलींच्या खो-खो संघाचा प्रशिक्षक, दांडिया बाजार, बडोदे