पुस्तकं कपाटातून बाहेर येऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक, पट एकोणतीस. आजकालची लेकरं वाचत नाहीत, नुसती मोबाईल बघत बसतात, हे मी पेपरात वाचते, लग्नकार्यात पाव्हण्यांच्या तोंडून ऐकते, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरपण तेच चालू असतं, आणि मला दरवेळी वाटतं की यावर एकदा लिहायलाच पाहिजे कारण मी वर्गात रोज जे बघते ते असं नाही.

लेकराला वाचायला यायला लागतं ना, तो दिवस बघायला मिळणं हे या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख आहे. मागच्या वर्षी पहिलीतलं एक पोरगं, कानावेलांटीत महिनोन् महिने अडकलेलं, शाळा सुटल्यावर फाट्यावर माझ्यासोबत उभं होतं. एसटी आली. पाटीकडं बघून हळूहळू म्हणायला लागलं, गे... व... रा... ई. मग गप्प. मग एकदम ओरडलं, "मॅडम, ही तर माझ्या मावशीच्या गावची गाडी हाय!" अक्षरं जुळवणं वेगळं आणि त्या अक्षरांतून मावशी दिसणं वेगळं, हे मला डीएडला शिकवलेलं होतं पण कळलं त्या फाट्यावर. त्यानंतर ते दिसेल ते वाचायला लागलं, दुकानाच्या पाट्या, सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, भज्याच्या पुड्याचा कागद. त्याच्या वडलांनी मुद्दाम शाळेत येऊन सांगितलं की खताच्या गोणीवरचं पोरगं वाचून दाखवतंय.

पण पाट्या आणि गोण्या वाचून पोट भरत नाही, पुढं गोष्टी लागतात. आणि गोष्टी होत्या कपाटात. मी या शाळेवर आले तेव्हा दीडशेच्या वर पुस्तकं होती, कुलूप लावून नीट ठेवलेली, काही पानं एकमेकाला चिकटलेली, खालच्या कप्प्यात वाळवी. यात मी कुणा आधीच्या शिक्षकाला दोष देत नाही. पुस्तक साठा रजिस्टरला चढलेलं असतं, तपासणीत एक जरी कमी भरलं तरी उत्तर शिक्षकाला द्यावं लागतं, फाटलं तर निर्लेखनाचे, म्हणजे ते रजिस्टरमधून कमी करायचे, कागद करा, मग माणूस कशाला बाहेर काढील? मलाही पहिल्या वर्षी भीती वाटली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा पाहिजेत. कायद्यानं पुस्तक शाळेपर्यंत आणलं, कपाटापासून लेकराच्या हातापर्यंतचं अंतर मात्र त्या भीतीनं अडवून ठेवलंय.

मग आम्ही वर्गात दोरी बांधली आणि पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगली. ज्याला जे पाहिजे ते त्यानं काढायचं, घरी न्यायचं, नोंद चौथीची पोरं करतात. पहिल्या दोन महिन्यांत बरीच फाटली, एक शेळीनं खाल्लं हे खरं आहे. लेकरं स्वतःच कणकेची खळ करून पानं चिकटवायला लागली. "किशोर" मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात, त्यातल्या गोष्टी मी मोबाईलवरून वाचून दाखवते, अर्धी गोष्ट झाली की थांबते, मग दुसऱ्या दिवशी लेकरं घंटेच्या आधी हजर.

आमच्याकडं बंजारा तांड्यावरचीपण लेकरं आहेत, घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पुस्तकातली आई त्यांच्यासाठी याडी असते, भाकरी म्हणजे बाटी. सुरुवातीला ही लेकरं गप्प बसायची आणि मला वाटायचं यांना येत नाही. एकदा तिसरीतल्या पोरीला म्हणलं, ही गोष्ट तुझ्या बोलीत सांग. तिनं अशी सांगितली की सगळा वर्ग हसून लोळला, आणि नंतर तीच गोष्ट पुस्तकातून वाचताना ती कुठंच अडखळली नाही. मला वाटतं घरची बोली वर्गाबाहेर ठेवायला लावून आपण लेकराचं अर्धं डोकंच बाहेर ठेवतो.

आता खरं दुखणं. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातल्या टोळ्या ऊस तोडायला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. हंगामी वसतिगृहामुळं, म्हणजे आईबाप तोडीला गेले की लेकरांच्या जेवणाची सोय गावातच होते त्यामुळं, काही लेकरं आजी-आजोबांकडं राहतात पण ज्यांच्याकडं बघायला कुणीच नाही ती जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा जे येत होतं तेपण बरंचसं विसरलेलं असतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत लेकराला अर्थ समजून वाचता आलं पाहिजे असं उद्दिष्ट आहे, बरोबरच आहे, पण वर्षातले पाच महिने ज्याच्या हातात एक पान नाही त्यानं काय करावं?

दोन वर्षांपूर्वी चौथीतली एक पोरगी जायच्या आदल्या दिवशी आली, म्हणाली, मॅडम तीन पुस्तकं नेऊ का. मी दिली. पाडव्यानंतर ती परत आली तेव्हा दोनच होती, चुलीच्या काजळीनं काळी झालेली. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, संध्याकाळी धाकट्या भावाला वाचून दाखवायची, शेजारच्या कोपीतली लेकरं यायची, मग त्यांच्या आयापण भाकरी थापता थापता ऐकायच्या. तिसरं कुठंय विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, दुसऱ्या टोळीतल्या एका पोरीला दिलं, तिच्याकडं एकपण नव्हतं. मला तिथंच भरून आलं. रजिस्टरला त्या पुस्तकापुढं "हरवले" लिहायला माझा हात धजला नाही, मी "वाचनात आहे" असं लिहिलं. तेव्हापासून स्थलांतराला निघालेल्या प्रत्येक लेकराला तीन पुस्तकं देतोच.

म्हणून शिक्षण विभागाला माझी तुमच्यामार्फत विनंती आहे. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन करतो, चांगलाच आहे, पण १६ तारखेलाही पुस्तक बाहेर राहावं यासाठी वापरून फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीनं साधेपणानं कमी करता यावी, शिक्षकाला धाक नको. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी वेगळी पुस्तकं द्यावी, परत आली नाहीत तरी चालतील अशी.

तुम्हालापण एक विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेकरांचं पान असतं पण अक्षर फार बारीक आणि वाक्यं लांब, दुसरी-तिसरीच्या लेकराला झेपत नाही. आठवड्याला एकच गोष्ट द्या, मोठ्या टाईपात, आमच्याकडच्या बोलीत असली तर अजून बरं. पेपर आमच्या गावात दुपारच्या गाडीनं येतो, दोरीवर जागा आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. बीड