नैरोबीच्या काकूंना, हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्याबद्दल

काकू, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला लागलो की तुम्ही लगेच "जेवलास का" वर जाता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता विषय बदलून दाखवा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी ठाण्यात जिम्नॅस्टिक्स कोच होतो, लहान मुलांच्या बॅचेस घ्यायचो, आणि गेली काही वर्षं बॅग उचलून वेगवेगळ्या देशांत व्हॉलंटियर कोच म्हणून फिरतोय. यात पैसे मिळत नाहीत. फार तर राहायला जागा आणि जेवण मिळतं, तिकीट आपलं आपण काढायचं, व्हिसा आणि परमिटची धावपळ पण आपलीच, मधे भारतात येऊन समर कॅम्प घ्यायचे, पैसे जमवायचे की पुन्हा निघायचं. काही एजन्सीज तर व्हॉलंटियरकडूनच फी घेतात, म्हणजे फुकट काम करायचं आणि वर आपणच पैसे द्यायचे! त्या वाटेला मी गेलो नाही, ओळखीतून ओळख काढत गेलो, आणि तशीच एक ओळख निघाली म्हणून 2024 च्या सुरुवातीला तुमच्या पार्कलँड्सच्या घरी येऊन पडलो. तुमच्या भाच्याच्या मित्राचा मित्र. एवढ्या नात्यावर तुम्ही मागची खोली दिलीत, आणि "दोन आठवडे बघू" म्हणता म्हणता मी सप्टेंबर संपेपर्यंत तिथेच होतो.

खोलीबद्दल थँक्यू आहेच, पण हे पत्र खोलीसाठी नाहीये.

पहिल्याच आठवड्यात मी मथारे झोपडपट्टीजवळच्या त्या चर्चच्या हॉलमधून आलो आणि तुम्हाला खूप उत्साहात सांगत होतो की काकू, इथली पोरं काय भारी आहेत, जमिनीत अर्धं पुरलेल्या जुन्या टायरवरून उडी घेऊन सरळ बॅक समरसॉल्ट मारतात, खाली मॅट नाही काही नाही, नुसती माती, आमच्याकडच्या पोरांना फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा) असूनही दोन वर्षं लागतात. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केनियात अ‍ॅक्रोबॅट्सची मोठी परंपरा आहे, मोंबासाकडच्या बीच हॉटेलांपासून ते युरोप अमेरिकेच्या सर्कशीपर्यंत केनियन पोरं काम करतात. नैरोबीतल्या न्गारा भागातल्या ज्या शान सिनेमात काकू लग्न होऊन आल्यावर हिंदी पिक्चर बघायच्या तिथे आता सराकासी डोम आहे, म्हणजे अ‍ॅक्रोबॅट आणि डान्सर लोकांची प्रॅक्टिसची जागा.) तुम्ही भेंडी चिरत ऐकत होतात आणि मधेच विचारलंत, "मुली किती आहेत रे?" चार होत्या. त्यातल्या दोन कोपऱ्यात बसून बघणाऱ्या. आणि मग दुसरा प्रश्न, "आणि तू जाशील तेव्हा त्यांना धरणार कोण?"

मुली का येत नाहीत ते पण तुम्हीच शोधून काढलंत. मला वाटत होतं की घरकाम असेल, धाकटी भावंडं सांभाळायची असतील, वेळ नसेल. तेही होतंच. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर मटाटूत, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, बसून आलात (काकांना न सांगता, ते नंतर कळलं) आणि बाहेर चपात्या विकणाऱ्या बाईशी, नळावरच्या बायकांशी तुमच्या त्या फाडफाड किचन स्वाहिलीत अर्धा तास बोललात आणि परत येऊन मला स्पष्ट सांगितलंत, की बाबा, परदेशातून आलेला एक पुरुष, बंद हॉल, आणि तो मुलींच्या कमरेला हात लावतो, कुठली आई पाठवेल?

यात रागवण्यासारखं काही नव्हतंच. जिम्नॅस्टिक्समध्ये धरावं लागतं. फ्लिक, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून उलटं जाणं, शिकवताना एक हात पाठीच्या खालच्या भागाला आणि दुसरा मांडीखाली, नाहीतर पोरगी डोक्यावर पडेल. पण आमच्या खेळाचा या बाबतीतला इतिहास घाणेरडा आहे हे पण खरं, अमेरिकन टीमचा डॉक्टर लॅरी नासर, त्याला मुलींच्या लैंगिक शोषणाबद्दल 2018 मध्ये 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली, कोर्टात दीडशेहून जास्त मुली आणि बायका उभ्या राहून बोलल्या, आणि तो काय पडक्या हॉलमधला माणूस नव्हता, ऑलिंपिक टीमचा डॉक्टर होता. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या छळाच्या चौकशीचा 2022 चा व्हाइट रिव्ह्यू आला त्यातही मुलांना कसं कसं वागवलं गेलं ते सगळं आहे. आता चांगल्या क्लबमध्ये नियम असतो की मुलांबरोबर कोच एकटा नको, दार उघडं हवं, दुसरं मोठं माणूस हवं. मला हे सगळं सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकवलेलं. तुम्ही कुठलाही कोर्स न करता प्लास्टिकची एक खुर्ची आणलीत, हॉलचं दार सताड उघडलंत आणि दारात बसलात. हातात विणकाम. दर बॅचला. गुडघे दुखतात ना हो तुमचे, तरी.

दोन आठवड्यांत बारा मुली झाल्या, मग मी मोजणं सोडलं.

पण तेवढ्यावर थांबाल तर तुम्ही कसल्या. "मी काय जन्मभर बसणारे का इथे" म्हणत तुम्ही त्या आयांनाच आत ओढलंत. मला सांगितलंत यांना धरायला शिकव. मी म्हटलं काकू, सपोर्ट द्यायला कोच लोकांनाच वर्षं जातात. तुम्ही म्हणालात, "मग आजच सुरू कर." केलं. फ्लिक नाही अर्थात, ते अजूनही नाही. आधी फॉरवर्ड रोल, भिंतीला पाय लावून हँडस्टँड, कार्टव्हील, आणि सगळ्यात जास्त वेळ लँडिंगवर. उडी मारली की गुडघे थोडे वाकलेले, छाती वर, हात पुढे, मोटरसायकलवर बसल्यासारखं. तिथे त्याचं लगेच बोडाबोडा झालं कारण नैरोबीत मोटरसायकल टॅक्सीला तेच म्हणतात, आणि एक आई तर हँडल धरून हॉर्न वाजवायची पण, पोरी हसून हसून पडायच्या. आयांना मी एवढंच शिकवलं की बाजूला उभं राहायचं, समोर नाही, हात आधीपासून लावून ठेवायचा, पडायला लागल्यावर हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आणि तुम्हाला सांगतो, रोज पाठीवर मूल बांधून, डोक्यावर पाण्याचा कॅन घेऊन चालणाऱ्या बायका आहेत त्या, वजन कुठे जातंय हे त्यांच्या हातांना आधीच कळत होतं. माझ्या ठाण्याच्या असिस्टंट कोचेसपेक्षा लवकर शिकल्या, हे वाचून ते चिडतील, चिडू देत.

सामानाचं सगळं काकांच्या खात्यात. रिटायर झालेला अकाउंटंट माणूस, पण किरिन्यागा रोडच्या स्पेअर पार्टवाल्यांत अशी ओळख की ट्यूब, टायर, जाड रबर सगळं चहाच्या बदल्यात. बीम आपण फुंडीकडून करून घेतला, म्हणजे सुताराकडून. खरा बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो, आपला 10 सेंटिमीटर रुंदच होता पण जमिनीला टेकलेला, वरून जुनं कार्पेट. काका टेप घेऊन रुंदी तीनदा मोजत होते. मी त्यांना आपल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं सांगितलं होतं ना, की आगरतळ्यात तिचे कोच नंदी सरांनी तिच्या सुरुवातीच्या प्रॅक्टिसला स्कूटरचे जुने पार्ट वापरून सामान बनवलं आणि तीच पोरगी 2016 ला रिओत व्हॉल्ट फायनलला चौथी आली, मेडल फक्त 0.150 ने गेलं. तेव्हापासून काकांनी त्या टायरच्या ट्रॅम्पोलिनला सिरीयसली घेतलं.

आणि मॅट्स. फोम दुकानातून आणला, कव्हर्स तुम्ही तुमच्या मशीनवर शिवलीत, जाड ताडपत्रीने दोन सुया मोडल्या. आठवड्याभरातच एप्रिलचा तो पाऊस आला. मथारे नदीचं पाणी घरांत घुसलं, पत्र्याची घरं गेली, शाळा पण उशिरा उघडल्या, मे मध्ये. चर्चच्या हॉलमध्ये लोक राहायला आले आणि आपल्या नव्याकोऱ्या मॅट्सवर आठ-आठ मुलं आडवी झोपत होती. तुम्ही घरून पोहे आणि डाळ-भात घेऊन जात होतात, काका गाडी चालवत होते, मी पातेली धरून मागे. पाणी ओसरल्यावर मॅट्सना वास येत होता, कव्हर्स फाटलेली, तुम्ही न बोलता सगळी उसवलीत, धुतलीत, परत शिवलीत. यावर मी काही लिहू शकत नाही जास्त.

ऑगस्टचं मात्र लिहितो. पॅरिस ऑलिंपिकला अल्जिरियाची केलिया नेमूर अनइव्हन बार्सला गोल्ड जिंकली, 15.700, जिम्नॅस्टिक्समध्ये आफ्रिकेचं पहिलं ऑलिंपिक मेडल. माझ्या फोनवर पोरींनी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की डेटा संपला. ती मूळची फ्रान्समध्ये वाढलेली, ट्रेनिंग पण तिथलंच, पण हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तुम्ही दारातून डोळे वटारलेत, मी गप्प. बरोबरच होतं तुमचं, झेंडा अल्जिरियाचा होता. आपल्याकडे बार्सच नाहीत हो, दोन उंचीचे सोडा, एक पण नाही. त्या दिवशी पोरी चर्चच्या गेटच्या आडव्या पाइपला लटकल्या.

गणपतीत तुम्ही सगळ्या टीमला बोलावलंत ते तर माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. मुलांनी अंगणात पिरॅमिड लावला, चार थर, खाली कुणी "गोविंदा" ओरडायच्या आत वर चढून उतरले पण, आणि मग तुमच्या ओळखीच्या त्या पुण्याच्या आजोबांनी दहीहंडी होऊन गेली तरी हंडी बांधायचा हट्ट धरला. तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात की आम्ही इथले भारतीय वंशाचे लोक केनियाची 44वी जमात आहोत, 2017 ला सरकारने लिहून दिलंय, मग आमच्या पण पोरांनी थर लावायला नकोत का. आमची पोरं म्हणालात, मी ऐकलं.

मला या फिरण्यात एक गोष्ट खटकते ती इथेच बोलून टाकतो. दोन आठवड्यांसाठी येणारे कोच, मी पण आधी काही ठिकाणी तसाच गेलोय, पोरांना अर्धी फ्लिक शिकवतात, रील काढतात आणि विमानात बसतात. मागे राहिलेलं पोरगं ती अर्धी फ्लिक काँक्रीटवर एकटं करत बसतं. आता काठमांडूच्या क्लबशी बोलणं चाललंय, तर मी पहिल्या कॉलवरच विचारलं की माझ्याबरोबर रोज उभं राहणारं तिथलं माणूस कोण, आणि बाई असेल तर आधी तिच्याशी बोलू द्या. ते जरा गोंधळले. मग एका शाळेच्या पीटीच्या मॅडमचा नंबर दिला.

शनिवारची बॅच आता आयाच घेतात हे तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत बघितलं. तिसरी मुलगी, निळ्या टीशर्टवाली, कार्टव्हीलला हात वाकडे टाकतेय, तिला खडूने जमिनीवर रेघ मारून द्यायला सांगा, दोन्ही हात आणि दोन्ही पाय त्याच रेघेवर. आणि बोडाबोडावाल्या आईला सांगा तिचा सपोर्ट मस्त आहे, फक्त अर्धं पाऊल जवळ.

पुढच्या महिन्यात भाचा येतोय त्याच्याबरोबर थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि काकांसाठी दिवाळी अंक पाठवतोय. त्याच पिशवीत खाली रेझिस्टन्स बँड आहेत, लाल आणि पिवळे, ते पोरींचे. मशीनच्या जाड सुया पण टाकल्यात, 18 नंबरच्या, ताडपत्रीला चालतात असं दुकानदार म्हणाला, नाही चालल्या तर फोन करा.