बंदर ते बांध: किडींचा मोकळा रस्ता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस तोंडावर आला की कोल्हापूर-सांगली रस्त्याच्या कडेला नारळ, आंबा, चिकू आणि शोभेच्या रोपांनी भरलेले टेम्पो उभे राहू लागतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोतून मी नारळाची सहा रोपे घेतली. रोपे आंध्रातली आहेत एवढेच विक्रेत्याने सांगितले. बिल मागितले तेव्हा तो हसला आणि मीही विषय फार ताणला नाही. दीड वर्षाच्या आत त्या माडांच्या झावळ्यांखाली पांढऱ्या, मेणचट वर्तुळांची नक्षी उमटली, खालच्या पानांवर चिकटा पडून काजळी धरली आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच नक्षी शेजाऱ्याच्या केळीवर दिसू लागली. दुकानदाराच्या सल्ल्याने मी दोन वेळा कडक औषध फवारले. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी असून तिचे मूळ मध्य अमेरिकेत आहे, आणि भारतात ती प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात आढळली, हे मला फार उशिरा कळले. तिच्या पिलांवर वाढणारा एनकार्शिया नावाचा अतिसूक्ष्म परोपजीवी कीटकही तिच्यामागोमाग आपल्याकडे आलेला आहे, आणि मी फवारणी करून नेमके त्यालाच मारले होते. माशी त्या रोपांबरोबरच आली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मात्र आमच्या शिवारात ती त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे की नवीन कीड दिसली की आपल्याकडे ‘हवा बिघडली’ असे म्हणून चर्चा संपवली जाते. हवामानाचा वाटा मी नाकारत नाही. परंतु कीड जन्मभूमी सोडून समुद्रापार जाते ती बहुधा माणसाच्या मालातून, सामानातून आणि वाहनातून, आणि हवामान फक्त ती पोचल्यावर तिला आसरा देते. मक्यावरच्या लष्करी अळीचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात मुरघास (हिरवा चारा मुरवून साठवणे) करणाऱ्या प्रत्येक दूध उत्पादकाला माहीत आहे. ही अळी मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतली, आणि तेथे ती शेकडो वर्षे होतीच. २०१६ च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत सापडली. व्यापारी मालाबरोबर किंवा विमानातून ती अटलांटिक ओलांडून आली असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मक्यावर दिसली, आणि शिवमोग्गा आपल्यापासून महामार्गाने साधारण चारशे किलोमीटर आहे. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली, २०१९ च्या आरंभी चीनमध्ये आणि २०२० च्या आरंभी ऑस्ट्रेलियात पोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो, म्हणून एकदा खंडावर उतरल्यावर तिला कोणत्याही नाक्यावर अडवणे शक्य नव्हते. तिला रोखण्याची जी काही संधी होती ती समुद्र ओलांडण्यापूर्वीची होती. त्यानंतर आमच्या हाती उरले ते मक्याच्या पोंग्यातली, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतली, भुशासारखी विष्ठा पाहणे आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणे.

टोमॅटोवरील टुटा नावाच्या नागअळीची वाटही अशीच आहे. दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६ मध्ये स्पेनमध्ये आढळली आणि २०१४ मध्ये पुणे परिसरात नोंदली गेली. ती फळाच्या आत आणि देठाजवळ लपून राहते, त्यामुळे टोमॅटोचे एक क्रेट एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेले की तिचा मुक्काम हलतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण मेक्सिकोकडचा. तो २००८ मध्ये कोइंबतूरला दिसला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रातल्या बागांत पसरला. मायदेशी त्याला खाणारे कीटक त्याच्या मागावर असतात, येथे मात्र तो एकटाच उतरला आणि म्हणून माजला. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोमधून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडावे लागले, तेव्हा कोठे तो आटोक्यात आला. म्हणजे कीड चुकून येते, आणि तिचा वैरी मात्र परवानगी काढून, पैसे मोजून, दोन वर्षे वाट पाहून आणावा लागतो.

या संदर्भात परदेशाकडेच बोट दाखवणे सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण आपल्या ऊसपट्ट्याला बसलेला मोठा तडाखा देशाच्या आतूनच आला होता. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसाच्या पानांखाली लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठचे फड काजळीने काळे पडले. हा मावा भारताच्या पूर्व आणि ईशान्य भागांत पूर्वीपासून माहीत होता. वाऱ्याने तो पसरलाच, पण बेण्याबरोबर (लागवडीच्या कांड्यांबरोबर), वाड्याबरोबर (उसाच्या हिरव्या शेंड्यांबरोबर) आणि तोडलेल्या उसाच्या गाड्यांबरोबरही तो एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रातून दुसऱ्यात गेला. उंच वाढलेल्या फडात फवारणी करणे म्हणजे काय हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. खरा दिलासा मिळाला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींमुळे. कारखान्यांनी आणि संशोधन संस्थांनी त्या वाढवून वाटल्या, आणि ज्यांनी त्या सुमारास फवारणी थांबवण्याचे धाडस केले त्यांच्या फडात त्या टिकल्या. त्या काळी ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांनीच मावा आणला अशी कुजबुज मी ऐकली होती. ती मला तेव्हाही पटली नव्हती. दुसऱ्या तालुक्यातून बिनतपासणीचे बेणे आणणारे आम्ही बागायतदारच होतो.

आता शेतीबाहेरच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींतून ओतकामाचा माल लाकडी पॅलेटवर बांधून परदेशी जातो. त्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि उष्णताप्रक्रियेची खूण ठसठशीत उमटवलेली असते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियाई लांबशिंगी भुंगेऱ्याने झाडे पोखरलेली आढळली, आणि चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी पेट्यांतून तो आल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर २००२ मध्ये अशा लाकडी वेष्टनासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे. आपले उद्योजक हा नियम काटेकोर पाळतात, कारण न पाळल्यास माल परदेशी बंदरावरून परत येतो. परंतु परदेशातून यंत्रसामग्रीबरोबर आपल्याकडे येणाऱ्या पेट्यांचे काय होते? त्या फोडल्या जातात, लाकूड भंगारात जाते, आणि तेथून गोठ्याच्या कुडाला किंवा जळणाला. त्यावरचा शिक्का पाहण्याची तसदी घेणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.

आपला माल जेव्हा बाहेर अडतो तेव्हा मात्र हा विषय आपल्याला चटकन समजतो. फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातील आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली. आधीच्या वर्षी किडी आढळलेल्या खेपांची संख्या २०७ होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. तोवर एक हंगाम गेला होता. त्या वेळी ‘हा आपल्या हापूसवर अन्याय आहे’ असे लेख मी याच दैनिकात वाचले. मला तसे वाटत नाही. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये भडोचच्या कापसावरून झाले, आणि पुढे सरकीबरोबर ती इजिप्तला, तेथून १९११ मध्ये मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला पोचली. कीड निर्यात करणाऱ्यांच्या यादीत आपणही जुने आहोत. उलट दिशेच्या कथांत गाजर गवत सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कराराच्या गव्हातून आले असे आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र पुण्यातील त्याची नोंद १९५५ ची आहे आणि तो करार १९५६ चा. अमेरिकन गहू १९५१ पासूनच कर्जाऊ येत होता, हे खरे.

व्यापारी मालाला निदान कागदपत्रे असतात. प्रवाशाच्या पिशवीला ती नसतात. गेल्या वर्षी माझा पुतण्या थायलंडची सहल करून आला आणि कपड्यांच्या घडीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या चार कांड्या घेऊन आला. विमानतळावर भरायच्या सीमाशुल्क अर्जात बियाणे, रोपे, फळे यांविषयी स्पष्ट प्रश्न असतो. त्याने काहीच जाहीर केले नव्हते, आणि यात काही गैर आहे हे त्याच्या गावीही नव्हते. घरात दोन दिवस वाद झाला, शेवटी त्या कांड्या चुलीत गेल्या. तो अजून माझ्यावर नाराज आहे. परंतु केळीच्या पनामा मर रोगाचा नवा प्रकार, जो मातीत अनेक दशके जिवंत राहतो, बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतून आणि मुनव्यांतून (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या, लागवडीला वापरल्या जाणाऱ्या पिलांतून) पसरतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचला आहे, २०१९ मध्ये कोलंबियातही त्याची खात्री झाली, आणि त्याच्यावर औषध नाही. केळीबागा पाहण्यासाठी परप्रांतात आणि परदेशात अभ्यासदौरे काढणाऱ्या आपल्या शेतकरी मंडळांनी परत आल्यावर बूट धुण्याची साधी सवय लावून घेतली, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

कायदा नाही असे नाही. ब्रिटिश अमदानीतला १९१४ चा विनाशकारी कीटक व पीडक कायदा आजही लागू आहे, २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे, आयातीसाठी परवाना आणि माल कीड-रोगमुक्त असल्याचे निर्यातदार देशाचे प्रमाणपत्र लागते, माती आणण्यास मनाई आहे, लागवडीच्या रोपांना काही काळ विलगीकरणात वाढवावे लागते. कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण पुढल्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि त्याबरोबर तेही संपले. माझा आक्षेप निराळ्याच टप्प्याबद्दल आहे. बंदरावर आणि विमानतळावर निदान पहारा आहे. मात्र तेथून सुटलेली, किंवा दुसऱ्या राज्यात स्थिरावलेली कीड आपल्या बांधापर्यंत येते तो रस्ता पूर्ण मोकळा आहे. राज्या-राज्यांतील वाहतुकीचे निर्बंध बटाट्यावरील सूत्रकृमी, केळीचा पर्णगुच्छ, कॉफीचा फळ पोखरणारा भुंगेरा अशा मोजक्या किडी-रोगांपुरते आहेत, आणि रस्त्याकडेच्या टेम्पोपर्यंत ते पोचत नाहीत.

म्हणून जिल्ह्याच्या खरीप आढावा बैठकीपुढे दोनच गोष्टी ठेवाव्यात अशी विनंती आहे. पहिली, जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कलमाच्या आणि रोपाच्या बिलावर ते कोणत्या रोपवाटिकेत, कोणत्या तालुक्यात तयार झाले याचा उल्लेख असावा, आणि फिरत्या विक्रेत्यांनाही तो बंधनकारक असावा. परवानाधारक रोपवाटिकांना याचा जाच होणार नाही. त्यांना उलट फायदाच होईल. दुसरी गोष्ट मला अधिक निकडीची वाटते. माझ्या माडावरची माशी कोणती हे कळायला मला एक उन्हाळा आणि दोन फवारण्या लागल्या, आणि त्या काळात ती शेजारच्या तीन शेतांत गेली. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, कीटकशास्त्राचे जाणकार आहेत. शेतकऱ्याने अनोळखी अळी डबीत घालून तालुक्याच्या ठिकाणी द्यावी किंवा तिचे छायाचित्र पाठवावे, आणि आठवड्याच्या आत तिचे नाव व ‘फवारा’ की ‘फवारू नका’ एवढे उत्तर त्याला लेखी मिळावे, अशी सोय या लोकांच्या मदतीने उभी करता येईल. नवी कीड पहिल्या दहा शेतांत असतानाच कळली तर रोपे उपटून जाळणे परवडते.

आपला,
एक ऊस व नारळ उत्पादक,
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर